अठरा इंची थिकनेस : दुरुस्तीची वही

१२ मे २०२४, रविवार

थिकनेस मशीन आलं, म्हणजे फळ्या रंधून एका जाडीच्या करणारं. चंद्रपूरकडचा फर्निचरचा एक कारखाना बंद पडला, त्याच्या शेडमध्ये हे सात-आठ वर्षं गोणपाटाखाली पडून होतं. भंगाराच्या भावाने मिळालं. काट्यावर ५४० किलो भरलं, ४२ रुपये किलो, म्हणजे २२,६८० रुपये. ट्रॅक्टरचं भाडं वेगळं. नागभीड ओलांडल्यावर आमच्या गावापर्यंतचा रस्ता असा की ट्रॉलीत जुने टायर अंथरले नसते तर बीडाचं (ओतीव लोखंडाचं) अंग वाटेतच तडकलं असतं.

उतरवायला अंगणातल्या कडुलिंबाला चेनपुली बांधली. बाबा मशीनभोवती दोनदा फिरले. माठ घेताना वाजवतात तसं बोटाच्या पेरांनी ठिकठिकाणी वाजवून पाहिलं.

"अंग साबूत हाय. दात पडले तं पडले. दात काय, बसवता येतात."

दात म्हणजे गियरचे. वरचं झाकण काढल्याबरोबर चार दातांची खिंड दिसली होती, म्हणूनच तर भंगाराचा भाव.

हे मशीन कशाला, तेही लिहून ठेवतो. आमचं काम दारं-खिडक्या, चौकटी, अजूनही वर्षाला दोन-चार बंड्यांची (बैलगाड्यांची) दुरुस्ती. गेली तीन वर्षं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घाऊक जातात आणि त्यासाठी शेकडो फळ्या एका जाडीच्या लागतात. हातरंध्यावर बाबांचे खांदे गेले, इलेक्ट्रिक हातरंध्यावर माझे जातायत. यंदा पोळा २ सप्टेंबरला, तान्हा पोळा ३ ला. मधे धानाची रोवणी आहे. हिशेबाने वेळ भरपूर दिसतो.

१४ मे, मंगळवार

पूर्ण खोललं. कारखान्याची पाटी नाही, फक्त चार रिव्हेटांची भोकं. ओतीव अक्षरं कुठेच नाहीत.

कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंड, गोल, तीन पात्यांचा. हे बरं झालं. जुना चौकोनी ब्लॉक असता तर मशीन तसंच परत पाठवलं असतं, त्यात हात ओढला गेला की उरत नाही. ब्लॉकचा शाफ्ट दोन्हीकडे दीड इंच, आणि तो बॉल बेअरिंगमध्ये नाही, व्हाइट मेटलमध्ये, म्हणजे ओतून बसवलेल्या मऊ धातूत फिरतो. डावीकडचं मेटल खाऊन गेलंय. शाफ्ट हाताने हलवला तर खडखडतो. माल ओढणारे दोन रोलर, पुढचा दातेरी, मागचा गुळगुळीत. दोन्हीच्या बुशा अंडाकृती झाल्यात. टेबल वर-खाली करणारा स्क्रू चांगला. पाती गंजकी, पण पाती बाजारात मिळतात. बाकी काहीच मिळत नाही.

बोल्टांनी दिवस खाल्ला. झाकणाचे आठ बोल्ट एम-८ (मेट्रिक), पण अर्धे आत जाऊन अडकलेले, दोन मुंडीपासून तुटलेले. चांगल्या भोकात थ्रेड गेज लावला तर इंचाला १८ आटे. म्हणजे मूळ बोल्ट अडीच सूत, व्हिटवर्थचे, जुन्या इंग्रजी आट्यांचे. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी, एम-८ म्हणजे ८. हाताला सारखेच वाटतात. पण एम-८ चे इंचाला वीसच्या वर आटे पडतात, आट्याचा कोन ६० अंश, व्हिटवर्थचा ५५. कोणीतरी पान्याला पाइप लावून ते आत रेटले आणि भोकांचे आटे चावून टाकले. आयटीआयला आमचे सर म्हणायचे, बोल्ट दोन फेरे बोटाने गेला नाही तर तो तुझा बोल्ट नाही.

१५ मे, बुधवार

गियर मोजला. ४८ दात, बाहेरचा व्यास व्हर्निअरवर १५८.७ मिमी. मोड्यूल, म्हणजे मेट्रिक गियरच्या दाताचं माप, काढायचं सूत्र साधं : व्यासाला दातांची संख्या अधिक दोनने भागायचं. १५८.७ भागिले ५० म्हणजे ३.१७. असं मोड्यूल नसतं. तीनचा असता तर व्यास १५० आला असता, सव्वातीनचा तर १६२.५.

मग इंचात उलटं केलं. १५८.७ मिमी म्हणजे सव्वासहा इंच. ५० भागिले सव्वासहा, बरोबर ८. आठ डीपीचा (डायमेट्रल पिच, व्यासाच्या दर इंचाला आठ दात) गियर. पाटी नसली तरी मशीनने आपली भाषा सांगितली : बोल्ट इंचात, शाफ्ट इंचात, दात इंचात. मेट्रिकचा कायदा १९५६ चा. त्यानंतरही विलायती मशीन पाहून ओतणारे आपले कारखाने बरीच वर्षं इंचातच काम करत राहिले, त्यामुळे एवढ्यावरून वय काढता येत नाही. पण सुटं सामान का मिळणार नाही ते कळलं.

बारका गियर १६ दातांचा, शाबूत.

१८ मे, शनिवार

नागपूर. हिंगणा एमआयडीसीत तीन ठिकाणी गियर दाखवला. पहिल्या दोघांनी मोड्यूल विचारलं आणि डीपी म्हटल्यावर हात जोडले. तिसरे काकाजी सत्तरीचे असतील. गियर उलटासुलटा केला, अंगठ्याने दात चाचपले.

"आठ डीपी. याचे कटर होते माह्यापाशी, पुरा सेट. अठ्ठेचाळीस दातांले तीन नंबरचा लागते. दहा वर्षं कोणी मागितलाच नाही बाबू, मंग भंगारात देल्ला."

त्यांनी दुसरा रस्ता काढला. दोन्ही गियर नव्याने मोड्यूल ३ मध्ये कापायचे, ५१ आणि १७ दात. गुणोत्तर तेच राहतं, तीनास एक. अडचण शाफ्टमधल्या अंतराची. आताचं अंतर चार इंच, १०१.६ मिमी. नव्या जोडीला १०२ लागतं. ०.४ मिमी कमी पडतात, म्हणजे दात एकमेकांत रुतून बसतील. त्यावर दात जरा खोल कापायचे. होतं सगळं, पण ११,००० रुपये आणि दीड महिना.

निघताना तेच म्हणाले, "रोलर किती फिरते? तीस फेरे? मंग दात भरून घे ना जी. तीस फेऱ्यांले कायले नवा गियर?"

स्वतःचं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस क्वचित भेटतो. चहा पाजला, त्यांनीच.

परत येताना हिशेब पक्का केला. माल मिनिटाला ६ मीटर पुढे जातो, रोलर अडीच इंची, म्हणजे मिनिटाला ३० फेरे. पितळ भरलेला दात एवढं नक्की सोसेल. हाच गियर हजार फेऱ्यांवर असता तर हा विचार केला नसता.

२६ मे, रविवार

नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू झालाय. ब्रह्मपुरीच्या तापमानाचा आकडा रोज पेपरात पहिल्या पानावर. दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही म्हणून पहाटे साडेचारला भट्टी पेटवली.

दात भरण्याचं काम असं केलं. तुटलेल्या जागा कानशीने घासून पांढऱ्या केल्या. ग्राइंडर लावला नाही, मुद्दाम. बीडात काजळीसारखा ग्रॅफाइट असतो, ग्राइंडर तो सगळीकडे माखतो आणि मग पितळ धरत नाही. दर दाताच्या बुडात ओळीने तीन भोकं, त्यात एम-५ चे आटे आणि स्टड. चार दातांचे बारा स्टड, दाताच्या उंचीपेक्षा जरा बुटके, म्हणजे पितळाच्या आत हाडासारखे राहतील.

गियर तुसाच्या आगीवर सगळीकडून सारखा तापवला. बीड एका जागी तापवलं की दुसऱ्या जागी फुटतं. मग गॅसने, सवागी (टाकणखार) टाकत, पितळी सळई उतरवली. पितळ भरायचा फायदा हा की बीड वितळवावं लागत नाही, फक्त लालसर करायचं. निकेल रॉडने वेल्डिंग केलं असतं तर कडेला कडक पट्टी तयार झाली असती आणि कानस घसरली असती.

थंड करणं हे खरं काम. लोहारमामांनी पिंपभर तुसाची राख आधीच चाळून, तापवून ठेवली होती. गियर त्यात पुरला. आमच्या झाडीपट्टीत, या धानाच्या मुलखात, तुसाला तोटा नाही आणि त्याच्या राखेइतकी ऊब धरणारी वस्तू मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही आत हात घालवत नव्हता.

२ जून, रविवार

चार दात कानशीने काढायचे. चांगल्या दातांवरून पत्र्याचं माप कापलं. माप लावा, उजेडाकडे धरा, घासा. निळी शाई नव्हती, काजळ आणि खोबरेल कालवून ते बारक्या गियरला लावलं. जिथे काळं उमटेल तिथे घासायचं. पहिल्या दाताला अडीच तास, चौथ्याला पन्नास मिनिटं. आईने काजळाची डबी परत मागितली, ती देण्यासारखी उरली नव्हती.

दोन्ही गियर हाताने फिरवले. कुठे अडत नाही. भरलेल्या दातांवर आवाज थोडा बद्द येतो, एवढंच.

८ जून, शनिवार

रोलरच्या बुशा. गनमेटलची सळई आणून लेथवर करता आली असती. बाबांनी विषय काढला, "बंडीच्या आखाले पह्यले काय होतं? धावडाच होता ना."

धावड्याला इंग्रजीत ॲक्सलवुडच म्हणतात, आखाचं लाकूड. तीस फेरे, दाब जास्त, वेग नाही. जुनी बंडी तेच करत होती. घरात दहा वर्षं सुकलेला धावड्याचा ठोकळा होता. तंतूंची टोकं शाफ्टकडे येतील असा कापला, आडवे तंतू लवकर झिजतात. तेलावर घरात वाद झाला. आमच्याकडे जवस पिकतं, तेल घरचंच, पण जवसाचं तेल सुकून चिकट पापुद्रा धरतं. दाराला उत्तम, बुशेला वाईट. शेवटी एरंडीचं, बंडीच्या ओंगणाचं (आखाला लावायच्या वंगणाचं) तेच. बुडबुडे थांबेपर्यंत मंद आचेवर उकळलं. बुडबुडे म्हणजे लाकडातलं पाणी. ते थांबले की जागा तेलाने घेतली. भोक त्यानंतर पाडलं. आधी पाडलं असतं तर उकळताना लाकूड फिरून माप गेलं असतं.

चार बुशा झाल्या. टिकतील का ते कळेल. ठोकळा अजून अर्धा शिल्लक आहे.

१६ जून, रविवार

बिघडलेले बोल्ट काढले, भोकांना मोठे आटे पाडून स्टड बसवले. कंटाळवाणं काम, लिहिण्यासारखं नाही.

२३ जून, रविवार

काल इतवारीतून व्हाइट मेटल आणलं. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले, शिशाचं स्वस्त आणि कथलाचं महाग. कथलाचं घेतलं : सुमारे ८९ टक्के कथील, बाकी अँटिमनी आणि तांबं. हा शाफ्ट मिनिटाला ३,८४० फेरे घेणार आहे (मोटर १,४४०, तिची पुली आठ इंची, ब्लॉकची तीन इंची), इथे काटकसर नको.

जुनं खरवडलेलं मेटल नव्यात मिसळायचं नाही, हे स्वतःसाठी लिहून ठेवतो. त्यात शिसं असेल तर कथील आणि शिसं मिळून १८३ अंशालाच पातळ होणारं मिश्रण बनतं आणि बेअरिंग तापलं की आधी तेच पाझरतं. जुनं डब्यात वेगळं ठेवलं.

बॉल बेअरिंगवर न्यायचा सल्ला दोघा-तिघांनी दिला. बेअरिंग मिळेल, पण घर मोठं बोअर करायला अख्खं अंग नागपूरला न्यावं लागेल आणि भोकाभोवती बीड इतकं पातळ उरेल की मला झोप लागणार नाही. ज्याने हे मशीन ओतलं त्याने घराच्या आत मेटल धरून ठेवायला खाचा ठेवल्यात. त्या खाचा अजून तीक्ष्ण आहेत.

१४ जुलै, रविवार

पहिली ओत. फसली.

पाऊस तीन दिवसांपासून. शाफ्टच्या मापाची, केसभर बारीक अशी नकली सळई लेथवर करून आणली होती. तिला रॉकेलच्या चिमणीची काजळी धरवली, म्हणजे मेटल चिकटत नाही. तेलाच्या भोकात लाकडी खुंटी. दोन्ही बाजूंना माती आणि राखेचा बांध. घर गॅसने तापवलं, पाण्याचा थेंब चुरचुरून उडेपर्यंत. मेटल योग्य तापलं का ते पाहायला कोरडी काडी बुडवतात. ती तपकिरी व्हावी, पेटू नये. सगळं पुस्तकाप्रमाणे. बांधाची माती मात्र ओली राहिली. पावसाळी हवेत ती सुकली असं मी नुसतं नजरेने ठरवलं.

पळी रिकामी होत आली तेव्हा आतून थुंकल्यासारखा आवाज झाला आणि मेटलचे थेंब छतापर्यंत उडाले. चष्मा होता, चामड्याचे हातमोजे होते, फुल बाह्यांचा शर्ट होता. मानेवर एक डाग, मसुराएवढा. ओलाव्याची वाफ होते तेव्हा ती वाट विचारत नाही.

बेअरिंगमध्ये बोटभर पोकळी. सगळं परत फोडलं. आई बोलली नाही, बर्नॉल आणून ठेवलं.

२१ जुलै, रविवार

गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव भरला. रोवणी सुरू, मजूर मिळत नाहीत, मीही बांधीतच. दोन दिवस लाइट नाही. मशीनवर ताडपत्री.

४ ऑगस्ट, रविवार

दुसरी ओत. या वेळी बांधाची माती चुलीजवळ दोन दिवस, वर गॅसने भाजून घेतली, विटेसारखी वाजेपर्यंत. लोहारमामा आले होते. त्यांनी एकच सुधारणा केली : दोन पळ्यांनी दोघांनी ओतायचं नाही, एकच मोठी पळी, एक धार, मधे थांबणं नाही. थांबलं की थर पडतो.

उजवं आणि डावं, खालचा आणि वरचा भाग, चार ओती. संध्याकाळी सळई ठोकून काढली. आतून बांगडीसारखं चकचकीत. मामा म्हणाले, "आता बरं झालं गा," आणि घरी गेले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

खरवडणं. खरा शाफ्ट, काजळ-खोबरेल, फिरवा, उचला, काळे ठिपके स्क्रेपरने काढा. दीड इंची शाफ्टला साधारण ०.०४ मिमी मोकळीक हवी. ती मधे ठेवलेल्या पातळ पितळी शिमांनी साधली; माझ्या फिलर गेजचं सर्वांत पातळ पातं ०.०५ चं, ते शिरलं नाही आणि शाफ्ट दोन बोटांनी फिरला, मग थांबलो. पुढे झीज झाली की एक शीम काढायची, दोन-तीन वर्षं मिळतात. बॉल बेअरिंगला ही सोय नाही.

११ ऑगस्ट, रविवार

नवी पाती आली. सोनाराकडे जाऊन काट्यावर तोलली. तो हसला, पण तोलून दिली. तिघांपैकी एक तीन ग्रॅमने जड निघालं. ३,८४० फेऱ्यांना तीन ग्रॅम ही थट्टा नाही, सगळं मशीन नाचतं. टोकाकडून नव्हे, लांबीभर पाठ घासून बरोबर केलं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

शाळेतलं झेंडावंदन झालं आणि दहा वाजता बटण दाबलं. आधी पात्यांशिवाय अर्धा तास. बेअरिंगवर तळहात टेकवत राहिलो, कोमट, त्याहून जास्त नाही. मग पाती बसवून, पाचरांचे बोल्ट दोनदा तपासून, शिवणीची फळी घातली.

पलीकडून जी निघाली ती पाहून बाबांनी तिच्यावरून गाल फिरवला. तीन पाती आणि ३,८४० फेरे, म्हणजे मिनिटाला ११,५२० काप. ६ मीटर मालात प्रत्येक काप जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पडतो. डोळ्याला लाट दिसत नाही.

आठ फळ्या झाल्या. नववी सागाची, मधे गाठ, एका टोकाला जाड. मी टेबल खाली घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. फळी अडली, रोलर थांबला, आणि टक्कन आवाज.

दात तुटला. मी भरलेल्या चारांपैकी नव्हे, त्यांच्या शेजारचा, मूळचा, कारखान्यातून आलेला.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

रात्रभर तो आवाज कानात. माझे चारही दात टिकले याचा आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, कबूल करतो. पण अठरा इंची मशीनमध्ये फळी अडणं रोजचं असणार. दर अडकण्याला दात तुटत असता तर हे मशीन पहिल्या वर्षीच भंगारात गेलं असतं. मग आधीच्या माणसांच्या काळात काय तुटायचं?

सकाळी शक्तीची वाट उलटी चाललो. रोलर, मोठा गियर, बारका गियर, त्याच शाफ्टवर चेनचं चाक. ते चाक शाफ्टवर चावीने बसवलेलं नाही. ते मोकळं फिरतं आणि शेजारच्या कॉलरला एका आडव्या बोल्टने अडकवलंय. हा बोल्ट मी स्वतः मे महिन्यात काढला, रॉकेलने धुतला आणि परत घट्ट बसवला होता. मुंडीवरचं ग्रीस पुसलं तेव्हा आकडा दिसला : ८.८.

बोल्टवर ८.८ असेल तर तो तुटायला चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण लागतो. मोटरच्या, गाडीच्या कामाचा बोल्ट. भोक तपासलं तर पुढून ८ मिमी, पण आत, कॉलरच्या पलीकडच्या कडेला, मूळ भोकाची अर्धी कड उरलेली, पाव इंचाची. म्हणजे इथे पाव इंचाची मऊ पिन होती. फळी अडली की ती तुटायची, रोलर थांबायचा, पुढचं सगळं वाचायचं. कधीतरी ती तुटली, माणूस वैतागला, त्याने भोक मोठं करून कधीच न तुटणारा बोल्ट घातला. क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त, पोलाद कडक. माझ्या हिशेबाने पितळी पिनेच्या तिप्पट ताकद. त्यानंतर साखळीतली सर्वांत कच्ची वस्तू गियर झाला.

आणि मी तीन महिने दात बसवत होतो.

बाबांना दाखवलं. ते जरा वेळ बोल्ट बोटात फिरवत राहिले. "जुवाच्या शिवळा मी कधी धावड्याच्या नाही केल्या. मागणारे मागतात, पक्की पायजे म्हणून. बैल अडला तं शिवळ तुटली पायजे, मान नाही. तू तं आयटीआय केला."

१८ ऑगस्ट, रविवार

पाचवा दात भरला. राख, सवागी, कानस, सगळं पुन्हा. पावसामुळे गियर पिंपात दोन दिवस ठेवणार.

कॉलर आणि चाकाच्या भोकात पोलादी बुशा ठोकून दोन्ही भोकं पाव इंचावर आणली. बुश कडक घेतली, नाहीतर पिन तुटताना भोकच ओढून लांबट होईल. पिना पितळी सळईच्या, मधोमध बारीक खाच, म्हणजे तुटली तर तिथेच आणि तुकडे बोटाने निघतील. दहा केल्या.

२४ ऑगस्ट, शनिवार

मुद्दाम अडवलं. सागाची तीच गाठीची फळी, टेबल मुद्दाम वर. मोटर चालू, मी बाजूला उभा, समोर नाही. अडलेली फळी मागे फेकली जाऊ शकते. टिच् असा हलका आवाज झाला, रोलर थांबले, ब्लॉक फिरत राहिला. बंद केलं. दात सगळे जागेवर. पिन बदलायला चार मिनिटं, त्यातली तीन झाकण काढण्यात गेली.

आणखी दोनदा करून पाहिलं. एकदा पिन तुटली, एकदा टिकली आणि फळी बाहेर आली. एवढं बरोबर वाटतं. प्रत्येक फळीला तुटली असती तर खाच कमी खोल करावी लागली असती.

२८ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवसांत २१० फळ्या. संध्याकाळी शेतातले पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि मोटर गुरगुरते. सहानंतर जाड काप घ्यायचा नाही असं ठरवलं. धावड्याच्या बुशा कोरड्या वाटल्या नाहीत. डावं बेअरिंग उजव्यापेक्षा जरा गरम, तेलकपाची वात बदलून पाहायची.

छिलपे मात्र किती निघतात याचा विचारच केला नव्हता. शेडच्या मागे ढीग. शेजारच्या काकूंनी चुलीसाठी चार पोती नेली.

३ सप्टेंबर, मंगळवार

बैल परवाच गेले, सगळे. काल पोळ्याला मशीनलाही हळद-कुंकू लागलं, ते आईचं काम. आज गल्लीतली पोरं आपापले बैल ओढत बोजारा (सणाची खुशाली) मागत फिरली. एकाच्या बैलाचं चाक तुटलेलं होतं, खिळ्याऐवजी त्याच्या बापाने त्यात जाड स्क्रू घातला होता. नवीन चाक आणि बांबूची खुंटी लावून दिली.

५ सप्टेंबर, गुरुवार

राहिलेली कामं : वातीची अडचण, मागच्या रोलरची स्प्रिंग ढिली, झाकणाला बिजागरी, म्हणजे पिनेसाठी आठ बोल्ट काढावे लागणार नाहीत. झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलं : "पितळी पिन, पाव इंच. बोल्ट घालू नये." खाली बाबांनी खडूने "काऊन ते मले विचारा" असं जोडलं, ते पुसलं नाही.

डब्यात सात पिना आहेत. इतवारीला गेलो की पितळी सळई आणायची.